शुद्धिपत्र कोणी कोणाकडे मागायचे?

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात पैठणचे नाव ठळकपणे दोनदा येते. एकदा एकनाथांच्या निमित्ताने, आणि त्याआधी सुमारे तीनशे वर्षे, चार पोरक्या भावंडांच्या निमित्ताने. एकनाथ आपण सविस्तर शिकवतो. भावंडांची कथा शिकवताना मात्र रेड्यापाशी थांबतो. रेड्याच्या मुखातून वेद निघाले, चमत्कार झाला, तास संपला. ती मुले आळंदी सोडून पैठणला का आली होती, हा प्रश्न फळ्यावर कधी लिहिला जात नाही.

ती शुद्धिपत्र मागायला आली होती. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांना धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितले. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई ह्यांनी जलप्रवेश करून देह ठेवला. आणि मागे राहिलेल्या मुलांना, तुम्ही शुद्ध आहात असा कागद पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून घेऊन या, असे सांगण्यात आले. परंपरा ह्या शुद्धिपत्राला शके १२०९ चा काळ देते. त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या घेणे योग्यच आहे. पण एखाद्या समाजाने सातशे वर्षे एक गोष्ट सांगत राहावी, ह्यालाही काही अर्थ असतो. ह्या गोष्टीचा गाभा असा: धर्मसंस्थेच्या शब्दावरून आईबाप गेले, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार धर्मसंस्थेने पोरक्या मुलांवर टाकला.

ह्या लेखाचा विषय ख्रिस्ती चर्च आणि आत्महत्या हा आहे. मग पैठणपासून प्रारंभ कशासाठी? कारण आत्महत्या रोखण्यासाठी आणि ज्यांच्या घरात ती घडली त्यांना सावरण्यासाठी चर्चने काय करावे, ह्या प्रश्नावर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा प्रवचन, प्रार्थना आणि समुपदेशन ह्यांभोवती फिरते. माझे म्हणणे वेगळे आहे. चर्चने आधी स्वतःची धर्मसभा बरखास्त करावी. मेलेल्याची पात्रता तपासण्याचा आणि जगलेल्यांकडून शुद्धिपत्र मागण्याचा व्यवहार पूर्णपणे थांबवावा. तो थांबला तरच बाकीच्या गोष्टींना अर्थ आहे. तो चालू असताना केलेले समुपदेशन म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्या हाताने खिडकीतून पत्रक टाकणे होय.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वांत मोठा होता. मराठवाड्यात २०२३ ह्या एका वर्षात १,०८८ शेतकऱ्यांनी जीवन संपवल्याची नोंद विभागीय प्रशासनाने केली. त्यांत बीडचे २६९ आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे १८२. नाथसागराचे पाणी ज्या तालुक्यात अडवले आहे तो पैठण तालुका ह्याच जिल्ह्यातला. धरण उशाला असूनही दुष्काळ ह्या भागाच्या ओळखीचा आहे.

आता शासनाची भाषा ऐका. २००६ च्या शासननिर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे आहे का, वसुलीचा तगादा होता का. ज्याच्या नावावर सातबारा नाही असा शेतमजूर, नातलगाकडून हातउसने घेतलेला, दुसऱ्याची शेती बटाईने करणारा, ह्यांचा मृत्यू सहसा ह्या व्याख्येत बसत नाही. सरकारी पैसा वाटायचा तर निकष लागतात, हे मान्य. तरीही ज्या घरात मृत्यू झाला त्या घराला 'अपात्र' असा शेरा लिहिलेला कागद मिळतो, तेव्हा तो नुसता प्रशासकीय शेरा राहत नाही. तो त्या मृत्यूवरचा निवाडा होतो.

'पात्र' हा शब्दही पाहा. श्राद्धाला जेवायला बसवायचा तो पात्र ब्राह्मण. एकनाथांच्या चरित्रात ह्याच शब्दाची उलथापालथ आहे. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांना प्रायश्चित्त सांगितले. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे मूल त्यांनी कडेवर घेतले, तेव्हा ते कोणाचे हे विचारले नाही. ह्या आख्यायिका आहेत. पण पैठणने स्वतःविषयी जपलेल्या आख्यायिका आहेत. म्हणजे ह्या एका गावात दोन परंपरा नांदत आल्या: पात्रता तपासणारी आणि पात्रता न विचारणारी. चर्च ह्यांपैकी कोणत्या परंपरेत बसणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

चर्चचा इतिहास पाहिला तर उत्तर सुखावह नाही. आत्महत्या म्हणजे स्वतःचा खून, हा विचार पाश्चात्त्य चर्चमध्ये रुजवला तो संत ऑगस्टीनने, 'देवाचे नगर' ह्या ग्रंथात. गंमत अशी की त्याचा मूळ हेतू दयेचा होता. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले आणि तरीही ज्या जगल्या, त्यांना लोक टोचून विचारत होते की तुम्ही प्राण का दिला नाही. त्यांच्या जगण्याच्या बाजूने ऑगस्टीन उभा राहिला. पुढे ह्या युक्तिवादातले कारुण्य गळाले आणि निषेध तेवढा उरला. सहाव्या शतकात ब्रागा येथील धर्मपरिषदेने अशा मृतांसाठी अंत्यविधीतली स्तोत्रे नाकारली. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने, ज्यांनी स्वतःवर हात उचलला त्यांच्यासाठी हा दफनविधी वापरू नये, असे बजावले. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे दफन नाकारले. इंग्लंडमध्ये जे पाप होते ते गुन्हा झाले, आणि तो गुन्हा १८६० च्या भारतीय दंडविधानात ३०९ वे कलम होऊन आपल्याकडे आला. वाचलेल्या माणसाला बेड्या घालणाऱ्या त्या कलमामागे चर्चच्या शतकानुशतकांच्या शिकवणुकीची सावली आहे, हे चर्चने नाकारू नये.

पुस्तकातले नियम आता बदलले आहेत. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतून ते दफनबंदीचे वाक्य गेले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्येचा निषेध कायम ठेवला. पण गंभीर मानसिक विकार, तीव्र भय किंवा यातना ह्यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते असे म्हटले, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे स्पष्ट लिहिले. इंग्लंडच्या चर्चच्या सिनॉडने २०१५ मध्ये जुना निर्बंध काढण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्या कायद्यानेही वाट बदलली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ३०९ वे कलम गेले. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की नियम गेला तरी सूर राहिला. दफन होते, पण घंटा वाजत नाही. विधी होतो, पण घाईत. प्रवचनात मृताचे नाव घेण्याऐवजी 'आपल्या सर्वांसाठी हा इशारा आहे' असे ऐकवले जाते. पुढच्या रविवारी विधवा बाकावर बसते तेव्हा शेजारची जागा मोकळी राहते. कोणी प्रश्न विचारत नाही, आणि सगळे तोच प्रश्न डोळ्यांनी विचारतात: घरात नेमके काय झाले होते? हेच ते शुद्धिपत्र. आता ते कागदावर मागितले जात नाही, एवढाच फरक.

ह्यावर नेहमीचा युक्तिवाद असा: कठोरपणा सोडला तर भीती जाईल, आणि भीती गेली तर आणखी माणसे ह्या वाटेने जातील. हा युक्तिवाद वरकरणी जबाबदार वाटतो. श्रद्धेची आणि सभेतल्या नात्यांची पकड माणसाला जगवू शकते, हे मी नाकारत नाही. पण पकड आणि धाक ह्यांत फरक आहे. धाकाचा परिणाम मरणावर होण्याआधी बोलण्यावर होतो. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटणे हेच जिथे पाप, तिथे ते वाटते आहे असे पाळकाला कोण सांगेल? ज्याच्याकडे यायला हवे त्याच्यापासूनच माणूस तोंड लपवतो. शिवाय ह्या धाकाची किंमत मृत माणूस मोजत नाही. ती त्याची पोरे मोजतात. आणि ज्यांच्या घरात एक आत्महत्या झाली त्यांना स्वतःला त्या वाटेचा धोका अधिक असतो, हे आज सर्वमान्य आहे. म्हणजे कलंक लावून चर्च प्रतिबंध करत नाही, उलट पुढच्या मृत्यूची पायवाट मळते.

दुसरा युक्तिवाद शास्त्राधाराचा. पण बायबल साहित्यकृती म्हणून वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही दिसेल की आत्महत्येच्या प्रसंगी त्या ग्रंथातली कथने निवाडा देण्याची घाई करत नाहीत. शौल राजा रणांगणावर स्वतःच्या तलवारीवर पडतो. याबेश गिलादचे लोक रात्रभर चालून जातात, शत्रूने विटंबलेले त्याचे प्रेत आणतात, पुरतात आणि सात दिवस उपास करतात. दावीद त्याच्यासाठी विलापगीत रचतो. कोणीही शौलाची पात्रता विचारत नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, कैदी पळाले असे समजून तलवार उपसतो. तेव्हा पौल अंधारातून ओरडून त्याला थांबवतो आणि आम्ही सगळे इथेच आहोत असे कळवतो. चर्चच्या इतिहासातला आत्महत्या-प्रतिबंधाचा हा पहिला प्रसंग मानायला हरकत नाही. त्यात पापाचा उच्चार नाही. आम्ही गेलेलो नाही, एवढाच निरोप आहे. कैद्याने आपल्या पहारेकऱ्याला दिलेला.

तिसरा आक्षेप आपल्या पुरोगामी मित्रांचा. ते म्हणतील, कापसाला भाव नाही, पाऊस नाही, बँकेचा तगादा आहे. हा राजकीय-आर्थिक प्रश्न आहे, त्यात चर्चने भाबडेपणाने लुडबूड कशाला करावी? प्रश्नाचे मूळ आर्थिक आहे, हे शंभर टक्के मान्य. चर्चने नैराश्याचे नाव घेऊन कर्जाचा विषय झाकू नये. पण मूळ उपटेपर्यंत माणसाने एकटे बसून राहावे, असे त्यातून निघत नाही. अमरावती जिल्ह्यात २०११ नंतर राबवलेल्या 'विश्राम' ह्या कार्यक्रमात तीस गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. भाव वाढले नव्हते, पाऊसही कोणी पाडला नव्हता. गावातल्याच माणसाने दार ठोठावले होते.

मराठवाड्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी. मग त्यांच्या चर्चकडून एवढी अपेक्षा का? कारण ते कोणांचे चर्च आहे हे पाहावे लागते. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेले बेथेल असो, किंवा वैजापूर तालुक्यातील घोगरगावी फ्रान्सहून येऊन आयुष्य वेचलेल्या फादर गुरियन जाकिएंचे मिशन असो, इथला ख्रिस्ती समाज मुख्यतः गावकुसाबाहेरच्या, भूमिहीन घरांतून आला. सातबारा नसलेली ही माणसे. जी व्यवस्थेच्या रकान्यात 'अपात्र' ठरतात, तीच ह्या चर्चची मूळ सभासद. अपात्रतेचा एवढा दीर्घ अनुभव असलेल्या संस्थेने स्वतःच पात्रता तपासू लागावे, ह्याहून मोठी विसंगती कोणती?

आता काय करावे, ते नेमके सांगतो. पहिले, दफन. पूर्ण विधी, घंटेसह, बाकीच्यांच्याच रांगेत. आणि प्रवचनात मृत्यूच्या रीतीचे वर्णन नको, त्याच्या जगण्याचे हवे. दुसरे, त्यानंतरचे वर्ष. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात; तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही. मंडळीने दोन माणसे नेमावीत आणि त्यांनी वर्षभर त्या घरी जावे. पंचनाम्याची प्रत, वारसनोंद, बँकेचे पत्र, समितीकडचा अर्ज, मुलांची फी, ह्या कामांत विधवेबरोबर तहसीलच्या पायऱ्या चढणे ही प्रार्थनाच समजावी. तिसरे, विचारणे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. हे विचारायचे कसे, ऐकायचे कसे, आणि ऐकून झाल्यावर माणसाला एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापर्यंत न्यायचे कसे, ह्याचे शिक्षण पाळकाला आणि मंडळीतल्या चारदोघांना मिळालेच पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू असलेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चर्चच्या दारावर लावायला पैसे पडत नाहीत. नैराश्य म्हणजे विश्वासाची कमतरता, किंवा औषधे बंद कर आणि प्रार्थनेला ये, असे सांगणाऱ्याला व्यासपीठावरून खाली उतरवावे. प्रार्थना जरूर करावी. गोळ्या घेऊन झाल्यावर.

चौथे सर्वांत अवघड आहे. दुःखात असलेल्या बिगरख्रिस्ती घरी जाताना चर्चच्या माणसाने हातात पुस्तक नेऊ नये, धर्माचा विषय काढू नये, सभेला या म्हणू नये. हे मी धर्मांतराच्या आरोपाला भिऊन सांगत नाही. शोकात बुडालेल्या माणसाची संमती ही संमती नसते म्हणून सांगतो. ह्यालाही चर्चच्याच इतिहासात आधार आहे. चॅड व्हारा ह्या अँग्लिकन धर्मगुरूला १९३५ मध्ये एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला. मासिक पाळी सुरू झाली तेव्हा तिला विचारायला कोणीही नव्हते आणि भीतीने तिने जीवन संपवले. १९५३ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्याने 'समॅरिटन्स' ही सेवा सुरू केली. लवकरच त्याच्या ध्यानात आले की बाहेर वाट पाहणाऱ्यांना चहा देत ऐकत बसलेले साधे स्वयंसेवक पुष्कळदा त्याच्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. धर्मगुरूने काढलेल्या ह्या संस्थेने उपदेशाला आणि धर्मप्रसाराला दाराबाहेर ठेवले, आणि म्हणूनच ती जगभर पसरली.

आपल्याकडे ह्याहून जुने उदाहरण आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि ख्रिस्ती न झालेल्या जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडलेल्या विधवांनी यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, असे त्यांनी जाहीर केले. कुलाचे शुद्धिपत्र मागितले नाही, पश्चात्तापाची अट घातली नाही. प्रतिबंध असा होतो. बंदीने होत नाही. दार आहे हे जाहीर करून होतो.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे मराठी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांविषयी. चर्चवर बोट रोखून आपण सुटत नाही. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. वर्गात आपण 'निधन' म्हणतो आणि पुढे जातो. सावरकरांनी १९६४ मध्ये 'आत्महत्या नव्हे आत्मार्पण' असा भेद मांडला. तो भेद, किंवा संतांच्या समाधीचा अर्थ, ह्यांवर आपण हिरिरीने वाद घालतो. पण ज्याचे मरण ना अर्पण ना समाधी, त्या मजुराच्या मृत्यूसाठी आपल्याकडे शब्द कोणता? 'आत्महत्या केली' हा, ज्यात खुनाचा आरोप गर्भित आहे. बोलीत माणसे 'जीव दिला' म्हणतात. त्यात आरोप नाही, पण एक फसवे तेज आहे. 'आत्महत्येने मृत्यू झाला' हे वाक्य रुक्ष वाटेल. आज तेच सर्वांत प्रामाणिक आहे. आणि २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी असे गेले, हा आकडा वर्गात शिरताना शिक्षकाच्या मनात असलेला बरा.

पैठणहून परतलेल्या त्या भावंडांविषयी आपल्या परंपरेने आणखी एक आठवण जपली आहे. लोकांनी दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी मुक्ताबाई बाहेर बसून ती उघडायला विनवत राहिली. ताटीचे अभंग आपण मुक्ताबाईच्या अधिकाराचा पुरावा म्हणून शिकवतो. त्याआधी त्यातली साधी गोष्ट पाहावी: शुद्धिपत्र मागणारे सगळे निघून गेले होते, आणि दाराशी एक बहीण बसून होती. मराठवाड्यातल्या चर्चने आपली जागा ह्या दोहोंपैकी कोणती ते ठरवावे. पैठणच्या धर्मसभेत बसायला माणसे कधीच कमी पडली नाहीत. ताटीपाशी बसायला कमी पडतात.